एकेचाळीस झब्बे आणि काजळचे केस

आमच्या घरी आमटीत केस निघाला, तर आधी तो कोणाचा हे ठरवतात. लांब असेल तर शेफालीचा, पांढरा असेल तर माझा. आखूड, काळा आणि ताठ असेल तर कोणीच काही बोलत नाही, गुपचूप ताटाच्या कडेला काढून ठेवतात. तो काजळचा. काजळ ही आमची कुत्री. वर्षाचे दहा महिने तिचे केस गळतात आणि उरलेले दोन महिने ते सोफ्याच्या फटींतून बाहेर येत राहतात. माझ्या सात वर्षांच्या नातीने, कादंबरीने, शाळेत ‘माझे कुटुंब’ या निबंधात लिहिलं होतं, ‘आमच्या घरात पाच माणसे आणि खूप केस आहेत.’ बाईंनी त्याखाली ‘छान’ असा शेरा दिला. मी असते तर मीही दिला असता, निबंधात खोटं काही नव्हतं.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. आता माझ्या चष्म्याच्या घरात कुत्रीचे केस निघतात आणि माझा तीन वर्षांचा नातू माझ्याच कंगव्याने तिला विंचरतो. त्याचं नाव पृथ्वीराज. नाव ठेवताना मी म्हटलं होतं, जरा हलकं काहीतरी ठेवा, एवढ्या नावाखाली पोर दबेल. पोर काही दबलं नाही, बाकीचं घर दबलं.

पण मला लिहायचंय ते माझ्या सुनेबद्दल, शेफालीबद्दल. तिची गोष्ट सांगायची तर केसांपासूनच सुरुवात करावी लागते, त्याला माझा इलाज नाही.

शेफाली हिंजवडीची. तिथे कंपन्या यायच्या आधीपासून तिथे असलेल्या घरातली. तिचे वडील दत्तोबा यांची थोडी शेती होती आणि गावात शिवणकामाचं दुकान होतं. आम्ही मूळचे बुधवार पेठेतले, नंतर विश्रांतवाडीला फ्लॅट घेऊन आलो. माझ्या मुलाची, केदारची आणि तिची ओळख ऑफिसात झाली. लग्नाला मी विरोध केला नाही. मी गप्प बसले. आमच्याकडे गप्प बसणं हे भांडण्यापेक्षा वाईट समजतात आणि मला ते फार चांगलं जमतं. शेफालीने त्या गप्प बसण्याकडे सरळ दुर्लक्ष केलं. रोज सकाळी ‘अहो आई, चहा’ म्हणून कप पुढे ठेवायची आणि निघून जायची. सहा महिन्यांनी मीच कंटाळून बोलायला लागले.

दोन वर्षांपूर्वी दत्तोबा गेले. दुकान बंद झालं. एका दुपारी टेम्पोतून त्यांचं शिलाई मशीन आमच्या दारात उतरलं आणि त्याच्या मागोमाग काजळ उतरली. पिल्लू असल्यापासून ती त्या मशीनखाली झोपत आली होती. मशीन जिथे तिथे काजळ आणि काजळ जिथे तिथे केस. दुसऱ्या खोलीत कोंडली की दार ओरबाडते. शेफालीने मशीन पुढच्या खोलीत, सोफा आणि टीव्ही यांच्या मध्ये मांडलं. ‘ही बसायची खोली आहे की कारखाना?’ असं मी निदान शंभर वेळा म्हटलं असेल. आज त्याची मला लाज वाटते, म्हणून इथे लिहून टाकते.

पृथ्वीराज झाला तेव्हा तिने नोकरी सोडली होती. आधी शेजारणींचे ब्लाउज, मग सोसायटीतल्या मुलांचे स्नेहसंमेलनाचे पोशाख, असं करत ती शिवत गेली. गेल्या जून महिन्यात ढोल-ताशा पथकाचा प्रमुख विश्वजीत तिच्याकडे आला. त्यांच्या नेहमीच्या शिंप्याने ऐन वेळी हात वर केले होते. एकेचाळीस पांढरे झब्बे हवे होते, गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुकीच्या दिवशी दुपारी चार वाजता, हातात.

तो गेल्यावर शेफाली केदारला म्हणाली, “हे नीट झालं ना, तर मी शिवणकामच करीन. नाही झालं तर मशीन विकून टाकीन आणि ऑफिसला परत जाईन. ते बोलावतायत. मला अर्धवट काही नको.” ‘विकून टाकीन’ म्हणताना तिचा हात मशीनवर होता. मी ते पाहिलं आणि नेहमीप्रमाणे काही बोलले नाही.

काम मात्र तिने असं केलं की बघत राहावं. एका रविवारी ती पथकाच्या मैदानावर जाऊन नुसती बसून राहिली. घरी येऊन म्हणाली, तयार झब्बे काखेत फाटतात, कारण ढोल वाजवताना उजवा हात सारखा डोक्याच्या वर जातो. मग तिने काखेत एक चौकोनी तुकडा वाढवून हाताला मोकळीक दिली. ढोल कमरेला बांधतात, दोर जिथे घासतो तिथे आतून दुहेरी कापड घातलं. ताशा गळ्यात अडकवतात, म्हणून ताशेवाल्यांना मानेमागे पट्टी. ध्वज नाचवणाऱ्या सात जणांचे खांदे आणखी सैल.

एक गोष्ट मला खटकत होती. ती वही ठेवत नव्हती. मैदानावर एकेकाचं माप घ्यायचं, त्याच्याच कापडाच्या तुकड्यावर खडूने आकडे लिहायचे, नावाची चिठ्ठी टाचायची, झालं. शिवून, धुऊन, इस्त्री झाली की खडू गेलेला असतो, चिठ्ठी तेवढी उरते.

“वहीत लिहून ठेव,” मी म्हणायचे.

“अहो आई, वही घरात राहते, चिठ्ठी कापडाबरोबर जाते. बाबांनी चाळीस वर्षं असंच केलं.”

मिरवणुकीचा रविवार उजाडला. केदारचं रविवारीही ऑफिसात काहीतरी निघालं होतं, तो हिंजवडीला गेला होता. एकेचाळीस झब्बे इस्त्री होऊन दिवाणावर रचलेले होते. प्रत्येकावर टाचणीने नावाची चिठ्ठी. शेफाली अंघोळीला गेली आणि तेवढ्यात पृथ्वीराजाने काजळला दिवाणावर चढवलं. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा ती त्या पांढऱ्या ढिगाच्या मधोमध पाय ताणून पसरली होती.

“काजळ बर्फात झोपली!” पृथ्वीराज टाळ्या वाजवत म्हणाला.

बर्फावर केस पडले होते. हजारो. शेफाली ओल्या केसांनी बाहेर आली, तिने ते पाहिलं, डोळे मिटले, उघडले आणि कुत्रीला खाली उतरवलं. तिला बुधवार पेठेत जायचंच होतं, ध्वजवाल्यांच्या झब्ब्यांना लावायची जरीची किनार हातभर कमी पडली होती.

“आई, मी येईपर्यंत केस तेवढे काढाल? चिकटपट्टी उलटी करून हाताला गुंडाळायची आणि हलक्या हाताने टिपायचं. कादंबरी मदत करेल.”

“तू जा,” मी म्हटलं. “एक केस राहणार नाही.”

कादंबरी कामाला एकदम चोख आहे. त्याचं श्रेय मी घेते, कारण तिला मी घडवलंय. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेक झब्बा टिपायला लागली. मी तिच्याबरोबर बसणार होते. पण तेवढ्यात पृथ्वीराजाने काजळचे गळलेले केस गोळा करून डिंकाने स्वतःच्या ओठावर मिशी चिकटवली. मिशी चांगली झाली होती, फक्त निघत नव्हती. मी खोबरेल तेल लावून ती सोडवत होते आणि तो आरडाओरडा करत होता.

बाहेरून कादंबरीने हाक मारली. “आजी, चिठ्ठी मध्ये येते. तिच्याखालचे केस निघत नाहीत.”

“मग आधी चिठ्ठ्या काढून घे,” मी आतून ओरडले. “आणि पसारा करू नकोस. वर्णानुक्रमे लावून ठेव.”

हे वाक्य मी म्हटलं. मीच. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मला ते आठवलंही नसतं.

दीड वाजता शेफाली आली. झब्बे स्वच्छ होते, नव्याने घड्या घालून, लहान-मोठे बघून रचलेले. शेजारी टाचण्या डबीत. आणि एकेचाळीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा, ‘अ’पासून ‘ह’पर्यंत बिनचूक लावलेला, वर रबर. कादंबरी उभी राहून आईच्या तोंडाकडे बघत होती. तिला शाबासकी हवी होती.

शेफालीने गठ्ठा उचलला. झब्ब्यांकडे पाहिलं. पुन्हा गठ्ठ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोणता झब्बा कोणाचा, हे सांगणारं आता घरात काहीही नव्हतं.

तिने काय करावं? मी असते तर पोरीला फैलावर घेतलं असतं. शेफाली तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. “सगळ्या बरोबर लावल्यास. एकही चुकली नाही,” असं म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. मग उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती पाणी पीत होती.

“आई, कुठंच काय लिहिलेलं न्हाई,” ती म्हणाली. घाबरली की तिची गावची बोली वर येते.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “तिला मी सांगितलं.”

“ते राहू द्या आता.”

“मैदानावर प्रत्येकाला घालून बघू दे. ज्याला जो बसेल तो त्याचा.”

“एकेचाळीस जण झब्बे ओढणार, मिळेल तो घालणार. कोणाला काखेत तंग, कोणाला सैल. मग मापाने शिवून काय दिलं मी? तयार आणले असते तर काय वाईट होतं?”

तिने पेला ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर येऊन जमिनीवर बसली. काजळला आणि पृथ्वीराजाला माझ्या खोलीत कोंडलं. कुत्री दार ओरबाडत होती, आतून पृथ्वीराज ‘मी आहे ना, मी आहे ना’ असं तिला समजावत होता. शेफालीने पहिला झब्बा घेतला. मापाची फीत घेतली नाही. दोन्ही खांद्यांना धरून तो समोर उंच धरला, जणू आत कोणी उभं आहे. मग मांडीवर पसरून खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

“डावा खांदा उतरलेला. ढोल. सुहास.”

“स… सुहास!” कादंबरीने गठ्ठ्यातून चिठ्ठी ओढून काढली. चिठ्ठ्या ओळीने लावलेल्या असल्यामुळे तिला क्षणही लागला नाही. मी टाचणी टोचली.

“पोटात दोन बोटं जास्त. माप देताना हा पोट आत घेत होता, म्हणून मी दोनदा घेतलं. मिलिंद.”

“म… मिलिंद!”

“मानेमागे पट्टी, म्हणजे ताशा. मागची उंची पुढच्यापेक्षा जास्त. हे वाकून उभे राहतात. गोपाळकृष्णकाका.”

असं एकामागून एक चाललं. कोणाचा हात लांब, कोण मान वाकडी ठेवतो, कोणाने बोटं दुखतात म्हणून मनगट सैल मागितलं होतं. मी एकतीस वर्षांत हजारो मुलं शिकवली आणि आज रस्त्यात एखादा पाया पडला तर मला नाव आठवत नाही. ही मुलगी ज्या माणसांना दोन वेळा भेटली, ती तिच्या बोटांत होती. टाचण्या टोचता टोचता मला एकदम भरून आलं. कादंबरीने विचारलं, “आजी, तुला टाचणी लागली का?” मी हो म्हटलं.

मध्येच दोनदा ती अडली. झब्बा बाजूला ठेवला, पुढचे केले, परत त्याच्याकडे आली. शेवटी दोन झब्बे आणि दोन चिठ्ठ्या उरल्या. जयसिंग आणि सर्जेराव. दूधवाले सख्खे भाऊ, अंगाने एकसारखे. शेफालीने दोन्ही झब्बे कितीतरी वेळ चाचपले, शेवटी अंदाजानेच एकाला एक चिठ्ठी लावली, दुसऱ्याला दुसरी. मग ध्वजवाल्यांची किनार घाईघाईने मशीनवर मारली.

दोन्ही मुलं आणि तीन गठ्ठे घेऊन आम्ही रिक्षाने निघालो, काजळला घरी ठेवून. आळंदी रस्त्यावर मांडवांची कामं चाललेली, रिक्षा पुढे सरकेना. मैदानावर पोहोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते.

“मॅडम, चारला सांगितलं होतं,” विश्वजीत म्हणाला. त्याने नमस्कारही केला नाही.

“सॉरी. माझ्याकडून उशीर झाला,” शेफाली म्हणाली.

मी तिथेच उभी होते, गठ्ठा छातीशी धरून. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी गप्प बसले, ते जुनं जमणारं काम केलं.

शेफालीने नावं पुकारून झब्बे वाटले. सगळे अंगात घालायला लागले. ती त्यांच्यामधून फिरत होती, कोणाची कॉलर ओढत, कोणाची बाही सरळ करत. दूधवाल्या भावांपाशी येऊन थांबली.

“तुम्ही दोघं काढा. अदलाबदल झालीये.”

“बसतोय की ताई,” जयसिंग म्हणाला.

“बसतोय, पण तुमचा नाहीये.”

त्यांनी बदलले आणि जयसिंगने खांदे हलवून बघितले. “आयला, खरंच की!” तो भावाला म्हणाला. गोपाळकृष्णकाका साठीचे, पथकात सगळ्यांत मोठे. त्यांनी ताशा गळ्यात अडकवला, वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. “पाठीत ओढत नाही,” असं स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

निघण्याआधी मैदानावर एक फेरी वाजवायची असते. विश्वजीतने शिट्टी मारली. सव्वीस उजवे हात एकदम वर गेले आणि ढोलांवर आले. पृथ्वीराजाने कानांवर हात ठेवले. लोक वाजवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते, शेफाली त्यांच्या काखांकडे बघत होती. हात पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले, वेग वाढला, घाम आला. एकाही झब्ब्याची शिवण उसवली नाही, एकही पोटावरून वर चढला नाही. एकेचाळीस माणसं एकेचाळीस तऱ्हांची आणि सगळी सारखी दिसत होती.

ढोल थांबले. विश्वजीत घाम पुसत आला. “काम चांगलंय, मॅडम. खोटं कशाला बोलू? पण मुलींच्या तुकडीचे तीस झब्बे मी दुसरीकडे देतोय. आज अजून पंधरा मिनिटं गेली असती तर मिरवणूक अडली असती. मला वेळ पाळणारं माणूस लागतं.”

“बरोबर आहे तुमचं,” शेफाली म्हणाली. एवढंच. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, आणि कादंबरीचा हात हातात घेऊन वळली.

मला माझाच असा राग आला की सांगता सोय नाही. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आले, चूक केली असेल त्याने उभं राहावं. मी वर्गातला आवाज काढला. ढोल थांबलेले होते, त्यामुळे तो मैदानभर ऐकू गेला.

“उशीर हिच्यामुळे झालेला नाही. माझ्यामुळे झालाय. सगळ्या झब्ब्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या मी काढायला लावल्या. कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. हिने प्रत्येक झब्बा हातात घेऊन तो कोणाचा ते आठवून सांगितलं आणि चिठ्ठ्या परत लावल्या. दोन तासांत. मी समोर होते.”

गोपाळकृष्णकाका स्वतःच्या झब्ब्याकडे खाली बघायला लागले. विश्वजीतने शेफालीकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या आपल्या सगळ्या माणसांकडे पाहिलं.

“आठवून? एकेचाळीसच्या एकेचाळीस?”

“एकोणचाळीस,” शेफाली म्हणाली. “दोन चुकले होते.”

मला त्या वेळी काय वाटलं ते मी आडपडदा न ठेवता लिहिते. मला अभिमान वाटला. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याचा, अगदी माझ्या पोटच्या पोराचाही, मला तेवढा कधी वाटला नव्हता. आणि यात मी तिला काहीच शिकवलेलं नव्हतं. ती हे सगळं स्वतःचं घेऊन आमच्या घरात आली होती, आणि मी सात-आठ वर्षं तिला चहाच्या कपापलीकडे पाहिलं नव्हतं.

विश्वजीतने डोकं खाजवलं. “मुलींची मापं घ्यायला उद्या येता?”

“परवा येते. उद्या मी झोपणार आहे.”

“चालेल, ताई,” तो म्हणाला. मॅडम म्हणाला नाही.

मिरवणूक रस्त्याला लागली तेव्हा केदारचा फोन आला. शेफालीच्या कडेवर पृथ्वीराज होता, म्हणून तिने फोन माझ्याकडे दिला. पलीकडून तो सारखं विचारत होता, काय झालं, झालं का नीट, ती ठीक आहे ना.

“मशीन कुठेही जाणार नाही,” मी ढोलांच्या वर आवाज काढून सांगितलं. “आणि उद्या सकाळी माझा पलंग खिडकीपासून हलवायचाय. तिथे शिवायला उजेड चांगला येतो.”